हर की दून : ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या तंबूत राहायचे असल्यास नियोजन कसे करावे?

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही नाशिकची सहा माणसे आहोत : मी, माझे यजमान, आमची १३ वर्षांची मुलगी, माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि ५९ वर्षांचे मामा. येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातील हर की दूनच्या खोऱ्यात जाऊन स्वतःच्या तंबूंत राहावे, असा विचार आहे. सह्याद्रीत आम्ही बारा-चौदा वर्षे हिंडत आहोत. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि साल्हेर येथे आमचे अनेक मुक्काम झाले आहेत, आणि मुलगी सहा वर्षांची असल्यापासून आमच्याबरोबर चालते. हिमालयात मात्र आमच्यापैकी कोणीही आजवर एकही रात्र उघड्यावर काढलेली नाही.

सध्या आखलेला कार्यक्रम असा आहे. डेहराडूनहून सांकरीला पोहोचून तेथे एक रात्र, दुसऱ्या दिवशी तालुका गावापर्यंत जीपने जाऊन पुढे सीमा नावाच्या वस्तीपर्यंत चाल, तिसऱ्या दिवशी थेट हर की दून, आणि तेथे स्वर्गारोहिणी शिखरासमोरच्या कुरणात दोन रात्री तंबू ठोकून मग परत. हा बेत योग्य आहे का? तंबू आणि शिधा आपणच न्यावा, की तेथील माणसांवर सोपवावा? सह्याद्रीत आम्ही तीन दगडांची चूल मांडतो, तशी तेथे मांडता येते का? मामांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, हेही सांगून ठेवते.

चढउतार

ताई, तुमचा अनुभव कमी नाही, परंतु एक आकडा आधी डोळ्यांपुढे ठेवा. कळसूबाई १६४६ मीटर आहे, आणि ज्या सांकरीत तुम्ही पहिल्या रात्री अंथरूण घालणार आहात ते गाव सुमारे १९५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जेथे संपते, त्याच्याही वर तुमच्या प्रवासाची पहिली पायरी आहे. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. सह्याद्रीत आपण दिवसाचा विचार करतो, म्हणजे चढाई किती आहे, पाणी कोठे मिळेल, ऊन कधी चढेल. हिमालयात आधी रात्रींचा विचार करावा लागतो. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे हे ठरले, की दिवस त्यामागून आपोआप बसतात.

तुमच्या बेतात नेमकी हीच अडचण आहे. सीमा साधारण २५०० ते २६०० मीटरवर आहे आणि हर की दून ३५६६ मीटरवर. एका दिवसात सुमारे हजार मीटर वर जाऊन तेथेच झोपायचे, असा त्याचा अर्थ होतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या गटाने हेच केले. चालताना कोणालाही काही झाले नाही, उलट सगळे खुशीत होते. रात्री नऊनंतर आमच्यातील सर्वांत तगड्या मुलाचे डोके फुटायची वेळ आली, आणि पहाटेपर्यंत तो उलट्या करीत होता. अंधारात त्याला खाली आणणेही शक्य नव्हते. त्या रात्रीनंतर मी या खोऱ्यात आणखी दोनदा गेलो, परंतु वर झोपलो नाही.

माझी सूचना अशी आहे. पहिली रात्र सांकरीत काढा. दुसरी गंगाड किंवा सीमा येथे. तिसऱ्या दिवशी फार लांब न जाता कलकतियाधारच्या परिसरात, सुमारे ३००० मीटरवर, झाडीच्या आधाराने तंबू लावा आणि तेथेच दोन रात्री राहा. चौथ्या दिवशी पहाटे निघून हर की दून पाहावे, दुपारी एकच्या सुमारास परत फिरावे आणि उजेडात आपल्या तंबूंपाशी यावे. उतरताना एक रात्र ओसला गावात ठेवा आणि एक दिवस पूर्णपणे राखीव असू द्या. पाऊस किंवा बर्फ आल्यास तो दिवस उपयोगी पडेल, नाहीच आला तर ओसल्याची कोरीव लाकडी घरे आणि देऊळ निवांत पाहता येईल.

दुसरी बाब परवान्याची. हा सगळा भाग गोविंद पशुविहार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात येतो. रुपीन आणि सुपीन या नद्या जेथे मिळून टोन्स होते, त्या नैटवाडला वन विभागाची चौकी आहे. तेथे नोंद होते आणि शुल्क भरावे लागते. ओळखपत्रांच्या प्रती प्रत्येकाच्या स्वतंत्र ठेवा. डेहराडूनपासून सांकरीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर अंतर असले तरी मसुरी, पुरोला, मोरी असे वळणाचे रस्ते असल्यामुळे पूर्ण दिवस जातो. रोख रक्कम पुरोल्याच्या आधीच काढून घ्या आणि सांकरीपुढे फोनचा भरवसा धरू नका.

वैद्यकी

मी डॉक्टर आहे आणि डोंगरावर जाणाऱ्या गटांना गेली काही वर्षे सल्ला देत आहे. वर सांगितलेल्या मुक्कामांच्या क्रमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, म्हणून त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, परंतु प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्या हिशेबाने कमी होतो. शरीर याची सवय करून घेते, मात्र त्याला दिवस लागतात. झोपेत श्वसन आणखी मंदावते, म्हणून दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात याला जास्त महत्त्व आहे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपणे शरीराला मानवते. आपल्या मुलीची चालण्याची सवय किंवा भावाची व्यायामाची ताकद येथे ढाल ठरत नाही. तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, आणि त्यामुळे पुष्कळदा तोच आधी आजारी पडतो.

डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर किंवा असाधारण थकवा यांपैकी काही असेल, तर ते उंचीमुळे आहे असेच धरून चालावे आणि त्या दिवशी पुढे चढू नये. लक्षणे वाढत असतील तर उतरावे. एका सरळ रेषेवर टाचेला बोटे लावून चालायला सांगावे. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, किंवा स्वस्थ बसलेले असताना धाप लागत असेल आणि खोकला येत असेल, तर ती जिवावरची स्थिती आहे. तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता, सोबत माणसे घेऊन, किमान ३०० ते १००० मीटर खाली आणावे. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र न्यायला हरकत नाही. परंतु थंडीने गारठलेल्या बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते, त्यामुळे माणसाकडे पाहावे आणि यंत्र दुय्यम मानावे.

मामांबद्दल : रक्तदाब औषधाने आटोक्यात असेल तर या उंचीवर जाणे वर्ज्य नाही. मात्र काही जणांचा रक्तदाब उंचीवर वाढतो आणि काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून हृदयाची तपासणी करून घ्यावी. अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी उंचीच्या त्रासाला प्रतिबंध करते, परंतु मामांच्या औषधांशी तिचा मेळ आणि मुलीच्या वजनानुसार तिची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी कोणाला आहे का, हेही विचारून ठेवावे. रात्रीच्या झोपेसाठी कोणतीही गोळी घेऊ नये.

शेवटी एक कळकळीची विनंती. कितीही थंडी वाजली तरी तंबूच्या आत स्टोव्ह किंवा निखारे ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

खरसू

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि पश्चिम हिमालयातील ओकच्या जंगलांवर काम केले आहे. 'खरसू' हे नाव त्यांतल्याच एका ओकवरून घेतले आहे. कुरणातील मुक्कामाबद्दल मला कायद्याच्या आणि जंगलाच्या अशा दोन्ही बाजूंनी सांगायचे आहे.

झाडांची हद्द संपल्यावर लागणाऱ्या गवताळ उतारांना गढवालात बुग्याल म्हणतात. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. सध्या मुक्कामासाठी कोणत्या जागा नेमून दिलेल्या आहेत, हे नैटवाडच्या चौकीवर विचारून घ्यावे आणि तेच प्रमाण मानावे. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. बुग्यालातील माती पातळ असते, वर्षातले बरेच महिने ती बर्फाखाली असते आणि उरलेल्या थोड्या आठवड्यांतच तेथील वनस्पतींना वाढून, फुलून, बी धरून मोकळे व्हायचे असते. तंबूखाली चार दिवस दबलेला तुकडा पुढच्या पावसात उघडा पडतो, आणि तेथून माती वाहायला लागते.

याउलट ३००० मीटरच्या आसपासचे जंगल माणसाला अधिक चांगले सांभाळून घेते. सांकरीजवळ देवदार आणि कैल (पाइन), मग मोरू (ओक), अक्रोड, आणि वर चढताच खरसू ओक व रागा (फर). त्याच्याही वर भोजपत्र (भूर्ज) आणि ठेंगण्या बुरांशाची (रोडोडेंड्रॉनची) झुडुपे लागतात. झाडांचे छत रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे सहज निसटू देत नाही, त्यामुळे उघड्या कुरणापेक्षा झाडीत दव आणि हिमकण कमी पडतात. थंड हवा जड असते आणि रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन दरीच्या तळाशी साचते. म्हणून नदीकाठची सपाट, सुंदर दिसणारी जागा बहुधा सर्वांत गारठ्याची ठरते. उताराच्या अंगावरची छोटी पायरी निवडावी. तंबू लावण्यापूर्वी मान वर करून पाहावे : वाळून उभे राहिलेले झाड किंवा अडकलेली मोठी फांदी असेल, तर जागा बदलावी.

चुलीबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. अभयारण्यात जाळ करू नये, आणि परवानगी असती तरी मी करू नका असेच म्हटले असते. खरसूचे बी पावसाळ्यात गळते आणि लगेचच रुजू लागते. ते फार दिवस टिकत नाही. त्या वर्षी रोपे चरली गेली किंवा तुडवली गेली, तर जंगलाची एक पिढी गेली. झाड वाढते सावकाश आणि गावातील गुरांसाठी त्याचा पाला वर्षानुवर्षे तोडला जातो. पडलेले लाकूड म्हणजे ओसला, गंगाड येथील घरांची हिवाळ्याची बेगमी आहे. आपण दोन रात्रींच्या हौसेसाठी त्यात हात घालू नये.

ऑक्टोबर हा काळ्या अस्वलांचा पोट भरून घेण्याचा काळ असतो. ओकची फळे आणि शेतातील पीक यांच्यासाठी ती याच सुमारास गावांजवळ आणि ओकच्या रानात फिरतात. घाबरण्याचे कारण नाही, पण शिधा, खरकटे, टूथपेस्टसुद्धा झोपण्याच्या तंबूत ठेवू नये. ते घट्ट बांधून दूर, उंच फांदीला टांगावे. संध्याकाळी कोणीही एकट्याने पाण्याला जाऊ नये. शौचाची जागा पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असावी, खड्डा वीतभर खोल असावा आणि कागद परत आणावा.

गोदाकाठ

सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. खरे सांगायचे तर कुरणातल्या दोन रात्री हेच मुलीला दिलेले वचन होते, म्हणून काल मी हे उत्तर तिला कसे सांगावे या विचारात होते. तिने स्वतःच वाचले आणि ती म्हणाली, "मग आपण झाडांत राहू, त्यात काय." आता प्रश्न साहित्याचा आहे. आमच्याकडे सह्याद्रीतले दोन तंबू, पातळ कॅरीमॅट आणि घरातली ब्लँकेटे आहेत. नाशिकहून रेल्वेने येणार आहोत. गॅस कसा न्यावा?

उबदार

गॅस नाशिकहून न्यायचाच नाही. गॅसची डबी रेल्वेतही चालत नाही आणि विमानातही नाही. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत बहुतांशी ब्यूटेन असतो, आणि तो शून्याच्या किंचित खाली गेल्यावर वायुरूप होत नाही. डबी भरलेली असते, पण पहाटे चहाच्या वेळी ज्योत धरत नाही. तुम्ही सांकरीतून गाइड आणि पोर्टर घेणारच असाल, तर स्टोव्ह व इंधन त्यांच्याकडून ठरवून घ्या. लहान सिलिंडर ते खेचरावर नेतात.

दुसरी गोष्ट प्रेशर कुकर. हसू नका, तीन लिटरचा कुकर न्याच. ३००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांना उकळते आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास शिजत नाही. इंधन मात्र संपते. माझ्या अनुभवाने पहिल्या संध्याकाळी कोणाची भूक नीट लागत नाही, तेव्हा मऊ मुगाची खिचडी आणि मेतकूट सर्वांच्या पोटात उतरते. वाटेसाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर. भाजणी घरून न्यावी, परंतु थालीपीठ लावायचा उत्साह राहील असे धरू नये. प्यायचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वरती मेंढ्या चरलेल्या असतात. ते खळखळून तीन मिनिटे उकळावे.

अंथरुणाबद्दल : माणसाला थंडी वरून जितकी लागते, त्यापेक्षा जमिनीतून अधिक लागते. ब्लँकेट असो वा स्लीपिंग बॅग, अंगाखाली दबलेला भाग चपटा होतो आणि ऊब धरीत नाही. एकाऐवजी प्रत्येकी दोन कॅरीमॅट एकावर एक घाला. त्यांचा थंडी अडवण्याचा गुण बेरजेने वाढतो आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. स्लीपिंग बॅग भाड्याने सांकरीत मिळतात, पण तिच्यावर लिहिलेल्या तापमानांतला 'कम्फर्ट' आकडाच पाहावा, 'एक्स्ट्रीम' नव्हे. दुसरा आकडा जीव वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नसतो. तुमच्या मुक्कामाच्या उंचीवर त्या दिवसांत पहाटे पारा शून्याच्या आसपास किंवा थोडा खाली जाऊ शकतो, म्हणून उणे पाच अंश कम्फर्टची बॅग असावी. झोपण्याआधी कोरडे कपडे बदलावेत. चालताना घामेजलेला बनियन अंगावर राहिला, तर कितीही पांघरूण अपुरे पडते. तंबूची झडप रात्री थोडी उघडी ठेवावी, नाहीतर श्वासाची वाफ आतून गोठून सकाळी अंगावर गळते.

तंबूंबाबत माझे मत असे की, वरचे आवरण जमिनीपर्यंत येत असेल तर तुमचे चालतील, नसेल तर भाड्याने घ्यावेत. दिवस लहान झालेला असतो : सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, आणि दरीत ऊन त्याआधीच जाते. चार वाजता तंबू उभे असावेत.

आणि पोर्टर मंडळींच्या झोपण्याची सोय आधी विचारा. त्यांच्यासाठी वेगळा तंबू, मॅट आणि बॅग आहेत ना, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. अनेकदा व्यवहार ठरवताना त्याचा उल्लेखच होत नाही, आणि रात्री ती माणसे ताडपत्रीखाली कुडकुडत बसलेली मी पाहिली आहेत. त्यासाठी चार पैसे जास्त द्यावे लागले तर द्यावेत.

पाऊलखूण

शिखरावर जायचे असेल तर त्याच सांकरीतून केदारकंठाही होतो. उंची सुमारे ३८०० मीटर, अंतर कमी. पण चढ सरळ असल्यामुळे उंचीही भरभर वाढते. मामा आणि मुलगी बरोबर असताना मी हर की दूनच निवडेन.

गोदाकाठ

ठरले. सांकरी, गंगाड, कलकतियाधार दोन रात्री, ओसला, आणि एक दिवस राखीव. मामांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर नको म्हणाले, तर मामा आणि यजमान ओसल्यातच थांबतील आणि आम्ही चौघे गाइडसोबत वर जाऊ, असेही आताच ठरवून ठेवले आहे. तेथे पोहोचल्यावर हा निर्णय घ्यायची वेळ आली असती, तर कोणालाच नाही म्हणता आले नसते. मुलीचा एक प्रश्न खरसू यांच्यासाठी आहे. शाळेत भूर्जपत्रांवरच्या पोथ्यांविषयी शिकवले होते, म्हणून भोजपत्राच्या सालीचा एक तुकडा तिला वहीत लावायला आणायचा आहे. जमिनीवर पडलेला चालेल का?

खरसू

तिला सांगा, प्रश्न फार छान आहे, पण पडलेला तुकडासुद्धा आणता येणार नाही. अभयारण्यातून काहीही उचलून नेण्यास वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाने एकेक तुकडा नेला तर वाटेलगतची झाडे सोलली जायला वेळ लागत नाही. साल सोललेले झाड हळूहळू मरते. त्याऐवजी तिने छोटी वही आणि पेन्सिल न्यावी. हर की दूनकडे जाताना शेवटच्या टप्प्यात भोजपत्रे अगदी वाटेला लागून आहेत. त्या दिवसांत त्यांची पाने पिवळी झालेली असतील. खोडावरच्या साली आपोआप सुटून कागदासारख्या फडफडत असतात, आणि त्यांवर आडव्या बारीक रेघा असतात. त्या रेघांतून खोड श्वास घेते. एका रेघेची लांबी मोजून चित्र काढायला तिला पंधरा मिनिटे लागतील, तेवढी सकाळच्या वेळेत धरून ठेवा.